गळ्यावरची ती छोटी जखम

गोळी आत शिरते तिथे छोटं भोक पडतं आणि बाहेर पडते तिथे मोठं. कुणालाही विचारा, हेच सांगेल. सिनेमांनी सांगितलंय, मालिकांनी सांगितलंय, पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारालाही ते पाठ असतं. एमबीबीएस होऊन बाहेर पडलेल्या पोरापोरींना विचारलं तरी त्यातले निम्मे याच आधारावर उत्तर देतात. न्यायवैद्यकशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा समज मी प्रत्येक बॅचमध्ये बघत आले आहे. मला तो धोकादायक वाटतो, कारण तो बऱ्याचदा खरा ठरतो. नेहमीच चुकणारा नियम माणूस सोडून देतो. बहुतेक वेळा बरोबर निघणारा नियम मात्र नेमक्या अवघड केसमध्ये घात करतो.

आत शिरलेल्या गोळीची जखम ओळखायची ती आकारावरून नव्हे, कडेवरून. गोळी कातडीला आत रेटते, कातडी ताणते, मग फाटते आणि गोळी आत जाताना भोकाची कड खरवडून जाते. त्या खरवडीचं एक तांबूस, सुकल्यावर काळपट पडणारं वर्तुळ मागे राहतं. आम्ही त्याला अब्रेजन कॉलर म्हणतो. गोळी सरळ आली असेल तर ते सगळीकडून सारखं असतं, तिरकी आली असेल तर ज्या बाजूने आली त्या बाजूला रुंद होतं. बंदूक जवळून झाडली असेल तर आजूबाजूला काजळी दिसते, आणि दारूचे जळके-अर्धवट जळके कण कातडीत रुतून बसलेले ठिपके दिसतात. काजळी ओल्या बोळ्याने पुसली जाते, ठिपके पुसले जात नाहीत. म्हणून कॅज्युअल्टीत सिस्टरने जखम स्वच्छ करण्याआधी कुणीतरी ती दोन मिनिटं नीट बघायला हवी. ती दोन मिनिटं बहुतेकदा नसतात.

आता नळी थेट कपाळाला टेकवून झाडलेली गोळी घ्या. गोळीमागून येणारा वायू कातडी आणि कवटीच्या मधे शिरतो, कातडी फुगवतो आणि आतून फाडतो. कित्येक सेंटीमीटरची, ताऱ्यासारखी चिरफाळलेली जखम होते. पलीकडे गोळी बाहेर पडते तिथे कधीकधी नुसती एक चीर असते. जो आकाराकडे बघेल तो दिशा उलटी लिहील. आत्महत्येच्या केसमध्ये ‘मागून गोळी घातली’ असं कागदावर उतरेल, आणि मग कुठल्यातरी घरातल्या माणसांना त्याचं उत्तर देत वर्षं काढावी लागतील. या विषयात शिकवण्यासारखं खूप आहे, पण मला सगळ्यात काळजी वाटते ती या एका शक्यतेची.

हे सगळं समजावताना मी वर्गात एकच केस पूर्ण तास घेऊन शिकवते. तिच्याबद्दल जितकं लिहिलं गेलंय तितकं दुसऱ्या कुठल्याच गोळीच्या जखमेबद्दल नसेल, आणि त्यातल्या बऱ्याच लिखाणात मूळ जखमच हरवलेली असते. २२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार, दुपारचे साडेबारा, डॅलस. अध्यक्ष जॉन केनेडी उघड्या गाडीतून जात असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. काही मिनिटांत त्यांना पार्कलंड मेमोरियल हॉस्पिटलच्या पहिल्या ट्रॉमा रूममध्ये आणलं. डोक्याची जखम इतकी भयंकर होती की आशा जवळपास नव्हतीच. तरी हृदयाची क्षीण हालचाल होती, श्वासाची धडपड होती, आणि डॉक्टरांनी जे करायचं ते केलं.

सर्जरीचे रेसिडेंट चार्ल्स कॅरिको सगळ्यात आधी पोचले. त्यांना गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, काही मिलिमीटरची एक गोलसर जखम दिसली. त्यांनी श्वासनलिकेत ट्यूब घातली, पण हवा नीट जाईना. मग ३४ वर्षांचे सर्जन माल्कम पेरी आले आणि त्यांनी ट्रेकिओस्टॉमी करायचं, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत थेट नळी बसवायचं ठरवलं. ट्रेकिओस्टॉमीची जागा आणि जखमेची जागा जवळपास एकच होती. पेरींनी जखमेतूनच आडवा छेद घेतला. त्या घडीला त्यांनी दुसरं काही करायला हवं होतं असं मला कधीच वाटलं नाही. श्वासासाठी धडपडणारा माणूस समोर असताना पुराव्याचा विचार करणारा डॉक्टर मला नको आहे. पण त्या छेदाबरोबर एक अख्खी जखम जगातून नाहीशी झाली, हेही तितकंच खरं. तिचा फोटो नाही. मोजपट्टी लावून घेतलेलं माप नाही. जी मापं सांगितली गेली ती नंतर आठवून सांगितलेली.

पार्कलंडमध्ये अध्यक्षांना पालथं करून कुणी बघितलं नाही. बघायला वेळही नव्हता आणि कारणही. एक वाजता मृत्यू जाहीर झाला. पाठीच्या वरच्या भागात, मानेच्या बुडाशी उजवीकडे आणखी एक जखम आहे हे त्या खोलीतल्या डॉक्टरांना कळलंच नाही.

त्याच दुपारी हॉस्पिटलमध्ये पत्रकारांचा गराडा पडला आणि पेरींना प्रश्न विचारले गेले. गळ्यावरची जखम गोळी आत शिरल्याची वाटली, असं त्यांनी सांगितलं. गोळी समोरून आली का, या प्रश्नाचं उत्तरही त्याच अंगाने गेलं. त्यांनी जे पाहिलं होतं त्यावरून तसं वाटणं साहजिक होतं: छोटी, गोल, नीटस जखम. पण गोळीबार झाल्याचं सांगितलं जात होतं ती इमारत गाडीच्या मागे होती. पुढच्या साठ वर्षांतल्या संशयाचा मोठा भाग या एका उत्तरातून फुटलेला आहे.

मी विद्यार्थ्यांना इथे थांबवते. पेरींनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जखम कशी होती. दोन, ती कशाची होती. पहिली गोष्ट आजही उपयोगाची आहे. दुसरी सांगण्याइतकी माहिती त्या दुपारी त्यांच्याकडेच काय, त्या हॉस्पिटलमध्ये कुणाकडेच नव्हती.

मृतदेह डॅलसमध्ये राहायला हवा होता. त्या वेळी अध्यक्षांची हत्या हा संघराज्याच्या कायद्यात वेगळा गुन्हा नव्हता, तो कायदा १९६५ मध्ये झाला. म्हणजे हा टेक्सासमधला एक खून होता आणि शवविच्छेदन तिथल्या मेडिकल एक्झामिनरने करायचं होतं. ते होते अर्ल रोज. ते हॉस्पिटलच्या वाटेत उभे राहिले, मृतदेह नेता येणार नाही म्हणाले. त्यांचं कुणी ऐकलं नाही. शवपेटी विमानात चढली. मला या प्रसंगात रोज यांच्याबद्दल फार आदर वाटतो. दुःखात बुडालेल्या, हत्यारबंद लोकांच्या घोळक्यासमोर ‘कायद्याने हे काम माझं आहे’ म्हणत उभं राहणं सोपं नाही. दोनच दिवसांनी आरोपी ली हार्वे ओस्वाल्डला गोळी लागली. त्यालाही पार्कलंडमध्येच आणलं, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्यांत पेरी होते, आणि त्याचं शवविच्छेदन रोज यांनी केलं. त्या शवविच्छेदनावरून कुणी फारशी भांडणं केल्याचं मला आठवत नाही.

केनेडींचं शवविच्छेदन त्याच रात्री वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात झालं. जेम्स ह्यूम्स आणि थॉर्नटन बॉसवेल हे दोघे चांगले पॅथॉलॉजिस्ट होते, पण गोळीच्या जखमा हा त्यांचा रोजचा विषय नव्हता. जखमांचा जाणकार असलेले लष्कराचे पिएर फिंक थोड्या वेळाने आले. पाठीवरची जखम त्यांना सापडली: ७ बाय ४ मिलिमीटर. बोटाने, सळईने तिचा मार्ग शोधायचा प्रयत्न झाला, पण काही अंतरावर वाट बंद. गळ्यावर त्यांना ट्रेकिओस्टॉमीचा छेद दिसला आणि तो त्यांनी ट्रेकिओस्टॉमीचा छेद म्हणूनच घेतला. मानेतून गोळीच्या मार्गाचं विच्छेदन केलं नाही. फिंक यांनी कपडे मागितले, तर ते तिथे नव्हतेच.

मग गोळी गेली कुठे? डॅलसमध्ये एका स्ट्रेचरवर एक गोळी सापडल्याची बातमी रात्रीच आली, तेव्हा ती पाठीतल्या उथळ जखमेतून हृदयाचा मसाज करताना बाहेर पडली असावी, असा अंदाज बांधला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यूम्स यांनी पेरींना फोन केला, आणि तेव्हा कळलं की छेदाच्या जागी आधीपासून जखम होती. तोवर मृतदेह हातातून गेला होता. उजव्या फुप्फुसाच्या टोकाला लागलेला मुका मार आणि मानेच्या स्नायूंमधलं रक्त यांचा अर्थ एका फोननंतर लागला. ह्यूम्स यांनी आपली रक्ताने माखलेली टिपणं नंतर जाळून टाकली. लोकांच्या हाती ती प्रदर्शनाची वस्तू म्हणून पडू नयेत, हा त्यांचा हेतू समजतो. तरीही ते वाचताना दर वेळी मला त्रास होतो.

पाठीवरच्या त्या जखमेची जागा त्यांनी कशी लिहिली, ते मी फळ्यावर काढून दाखवते. उजव्या खांद्याच्या हाडाच्या टोकापासून १४ सेंटीमीटर आणि उजव्या कानामागच्या हाडाच्या टोकापासून १४ सेंटीमीटर खाली. वाचायला अगदी काटेकोर वाटतं. पण कानामागचं हाड डोक्याबरोबर हलतं. मान जरा वळली, हनुवटी जरा खाली गेली की ते अंतर बदलतं. टाचेपासून किंवा डोक्याच्या माथ्यापासून किती आणि मधल्या रेषेपासून किती, एवढं लिहिलं असतं तर अर्धी पुस्तकं लिहिलीच गेली नसती. त्यात भर म्हणून, हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगासाठी जखमांची चित्रं काढणाऱ्या नौदलाच्या चित्रकाराला शवविच्छेदनाचे फोटो दाखवलेच नाहीत. ह्यूम्स यांनी तोंडी सांगितलं आणि त्यांनी काढलं. चित्रात पाठीवरची जखम मानेकडे वर सरकली. कोटावरचं भोक मात्र कॉलरच्या वरच्या कडेपासून साधारण १४ सेंटीमीटर खाली होतं. कोट गाडीत बसल्यावर मानेकडे गोळा होतो, हात वर केला तर आणखीच, हे खरं आहे. पण ते पटवून द्यायची वेळ आली ती चित्रामुळे.

आता त्या गळ्यावरच्या जखमेकडे. बाहेर पडणारी गोळी इतकी छोटी, गोल जखम करेल का? करते, आणि त्याला आमच्याकडे नाव आहे: शोअर्ड एक्झिट. गोळी बाहेर पडते त्या जागी कातडीला बाहेरून कशाचा तरी टेकू असेल, भिंत, फरशी, खुर्चीची पाठ, घट्ट पट्टा, तर कातडीला बाहेर फुगून फाटायला जागाच मिळत नाही. ती गोळी आणि टेकू यांच्यामधे दाबली जाते. जखम छोटी राहते, आणि कड त्या टेकूवर खरवडली गेल्याने आत शिरलेल्या गोळीसारखं वर्तुळही उमटू शकतं. भिंतीला टेकून बसलेल्या माणसावर गोळी झाडली गेली, तर दोन्ही बाजूंना ‘एन्ट्री’ दिसू शकते. केनेडींच्या गळ्याशी बटण लावलेली कॉलर होती, त्यावर टायची गाठ होती. शर्टच्या पुढच्या बाजूला, कॉलरच्या बटणाखाली दोन्ही पट्ट्यांवर चिरा होत्या, टायच्या गाठीला डाव्या बाजूला छेद गेलेला. पाठीमागच्या भोकाशी कोट-शर्टाचे धागे आत वळलेले, पुढच्या चिरांशी बाहेर. बेथेस्डातल्या टेबलापर्यंत न पोचलेल्या कपड्यांनी हे सांगितलं.

ती गोळी पुढे, त्याच गाडीत केनेडींच्या पुढे बसलेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली यांना लागली असं मानलं, तर त्यांच्या पाठीवरची जखमही वाचायला हवी. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या रॉबर्ट शॉ यांनी ती साधारण दीड सेंटीमीटर लांब, अंडाकृती असल्याचं सांगितलं. लांबट एन्ट्री दोन कारणांनी होते. एक तर गोळी तिरकी आली. किंवा ती वाटेत कशाला तरी भिडून डगमगत, आडवी होत आली. जखम एकटी यातलं कुठलं ते सांगत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसच्या समितीने नऊ न्यायवैद्यक तज्ज्ञांचं पॅनेल नेमलं. फोटो, एक्स-रे, कपडे सगळं समोर ठेवून त्यातल्या आठ जणांनी एकाच गोळीने दोघांना जखमी केल्याचं मान्य केलं. नववे सिरिल वेक्ट यांनी शेवटपर्यंत विरोध केला. मला आठ जणांचं म्हणणं पटतं, पण वेक्ट यांचं वेगळं मत मी वर्गात दर वेळी सांगते. अपुऱ्या वर्णनावर काम करताना जाणकारांतही मतभेद उरणार.

डोक्याच्या जखमेबद्दल लोक व्हिडिओ बघून हिरिरीने बोलतात, डोकं कुठल्या दिशेला गेलं यावरून. हाड त्याहून भरवशाचं असतं. कवटीला दोन थर असतात. खिडकीच्या काचेवर छर्रा बसला की पलीकडच्या बाजूने काचेची खपली मोठी उडते, तसंच हाडाचंही होतं: आत शिरताना आतला थर रुंद फुटतो, बाहेर पडताना बाहेरचा. केनेडींच्या कवटीत मागच्या भोकाचा आतला थर रुंद होता. डॅलसहून रात्री उशिरा आणलेल्या हाडाच्या तुकड्यावर बाहेरच्या बाजूची खपली उडालेली होती.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, गोळीच्या केसेस उत्तरेइतक्या येत नाहीत, आणि येतात त्यात गावठी कट्टा बराच असतो. कट्ट्याची नळी काडतुसाच्या मापाची असेलच असं नाही. ढिल्या नळीतून गोळी डगमगतच बाहेर येते आणि चार पावलांवरूनही आडवी लागू शकते. मग जखम गोल नसते, लांबट, कधी चौकोनी वाटणारी असते, आणि तालुक्याच्या ठिकाणी पोस्टमॉर्टेम करणारा तरुण मेडिकल ऑफिसर गोंधळतो. दंडातून आरपार जाऊन छातीत घुसलेली गोळी, दारातून किंवा काचेतून आलेली गोळी, एकमेकांना धडकून जवळूनही फाकलेले छर्रे, रक्तवाहिनीतून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी सापडलेली गोळी. पुस्तकात ही ‘दुर्मीळ’ म्हणून शेवटच्या पानांवर असतात. ज्याच्या टेबलावर येतात त्याच्यासाठी दुर्मीळ वगैरे काही नसतं.

एका रेसिडेंटचा प्रसंग सांगते. मृतदेह समोर, तिच्या हातात फॉर्म. पहिल्याच ओळीत तिने ‘एन्ट्री वूंड’ लिहून टाकलं.

“मॅडम, एन्ट्रीच आहे ना?”

“ते खोड आधी. टाचेपासून उंची घे.”

तिने घेतली. मधल्या रेषेपासूनचं अंतर घेतलं. लांबी, रुंदी, कड. भिंगातून बघताना ती थांबली. खरवडीचं वर्तुळ एका बाजूला रुंद होतंच, पण त्यात बारीक, समांतर, जाळीसारखे ठसे होते. बनियनच्या विणीचे. कपडे पिशवीत ओले कोंबून पाठवले होते. आम्ही ते सावलीत वाळत घातले, पट्ट्याच्या वरच्या कडेशी अर्धवट घुसलेला छेद सापडला. ती एक्झिट होती. पट्ट्याने दाबलेली. एन्ट्री पाठीला होती, कातडीच्या घडीत. तो फॉर्म मी तिला पुन्हा पहिल्यापासून लिहायला लावला, आणि मत लिहायची जागा सगळ्यात शेवटी भरायला सांगितली.

हे काम जिवंत माणसांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या वाट्याला आधी येतं. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाहून जास्त गोळ्या लागलेल्या किंवा गोळी आरपार गेलेल्या ४६ मृतांच्या बाबतीत ट्रॉमा डॉक्टरांनी केलेली नोंद आणि शवविच्छेदन ताडून पाहिलं, तर २४ प्रकरणांत नोंद चुकलेली निघाली. हे डॉक्टर रोज गोळीच्या जखमा बघणारे. म्हणून मी सर्जरीच्या मुलांना सांगते, तुमच्या केसपेपरवर एन्ट्री-एक्झिट लिहूच नका. ‘गोल जखम, अमुक मिलिमीटर, अमुक ठिकाणी’ एवढंच लिहा. कपडे कापायचे तर भोकाला वळसा घालून कापा, कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. छातीत नळी टाकायची तर गोळीचं भोक वापरू नका, शेजारी नवा छेद घ्या. आणि ज्या वेळी पेरींसारखी पाळी येईल, जखमेतूनच कापावं लागेल, त्या वेळी बेधडक कापा. नंतर लिहून ठेवा, की मी इथून कापलं.

मोजणी हाही यातलाच भाग. जखमांची संख्या म्हणजे गोळ्यांची संख्या नव्हे. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींवर अगदी जवळून तीन गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या देहाचं पूर्ण शवविच्छेदन झालं नाही. बाहेरून पाहून जखमांची नोंद झाली. सत्तर वर्षांनी ‘चौथ्या गोळी’चा प्रश्न मुंबईच्या एका अर्जदाराने सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला. फेटाळणं योग्यच होतं. पण देहावरच्या खुणा फोटोत मोजून गोळ्या मोजता येतात असं शिकल्यासवरलेल्यांना वाटतं, हे मला दिसतं, आणि ते वाटणं कोर्टाच्या निकालाने जात नाही.

कॉनली १९९३ मध्ये गेले. त्यांच्या मनगटात धातूचे बारीक कण शेवटपर्यंत राहिले होते. दफनाआधी ते काढून घ्यावेत, स्ट्रेचरवरच्या गोळीशी ताडून बघावेत, अशी मागणी काही अभ्यासकांनी केली. कुटुंबाने नकार दिला. मी त्यांच्या जागी असते तरी नकारच दिला असता. ते कण फार तर मनगटाबद्दल काही सांगू शकले असते. भांडण ज्या जखमेवरून होतं ती काही मिलिमीटरची होती, गळ्यावर होती, आणि एका सर्जनने एका माणसाला श्वास मिळावा म्हणून तिच्यातून छेद घेतला होता.